आमची वाटचाल: कड्यापासून ४० पावलं मागे

दापोली तालुक्यात आमचं गाव, खाली बंदर आणि वर सडा. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पावसात हिरवंगार आणि दिवाळीनंतर पिवळं पडणारं, पश्चिमेला ते एकदम संपतं आणि खाली थेट समुद्र. वाटण्या झाल्या तेव्हा ही जमीन आमच्या आजोबांकडे आली आणि लोक म्हणाले, बिचाऱ्याला कातळच मिळाला, कारण त्यावर ना आंबा ना काजू, नुसती गुरं चरायची. मी १४ वर्षं मुंबईत नोकरी केली, २०१७ ला गावी परत आलो आणि त्याच कातळावर ४ तंबू घेऊन कॅम्प सुरू केला.

पहिल्याच दिवशी कळलं की तंबूसोबत आलेल्या खुंट्या कातळात शिरतच नाहीत. मग चिरे आणले, एका तंबूला ६, आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. तंबू कड्यापासून १० पावलांवर, दारं समुद्राकडे, फोटो इतके भारी आले की पहिल्या महिन्यातच शनिवार-रविवार भरायला लागले.

आता आमच्याकडे दुपारी खारा वारा समुद्रावरून येतो आणि रात्री जमीन गार झाली की उलट मतलई सुटते, जमिनीकडून समुद्राकडे, थंडीत तर पहाटे ती चांगलाच जोर धरते. हे लहानपणापासून माहितीये, पूर्वी शिडाच्या होड्या मतलईवरच बाहेर पडायच्या. पण तंबूला ती पाठीमागून ढकलणार आणि ढकलणार ती कड्याकडेच, हा विचार मी केला नव्हता. डिसेंबरात एका पहाटे तीनच्या सुमारास फडफड ऐकून बाहेर आलो तर टोकाचा तंबू जागेवर नाही. चिरे तिथेच होते, दोऱ्या चिऱ्याच्या धारेवर घासून घासून तुटलेल्या. त्या तंबूत पुण्याचं एक कुटुंब येणार होतं, छोटी मुलगी सोबत, घाटात उशीर झाला म्हणून ते रात्री दापोलीतच थांबले होते. सकाळी ओहोटीला खाली उतरलो, तंबू खडकात अडकलेला, आत गादी भिजून पडलेली. मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो.

त्याच आठवड्यात सगळा कॅम्प ४० पावलं मागे घेतला. आमच्या वाडीतले एक काका, आयुष्य चिरेखाणीवर गेलेलं, ते बघायला आले आणि म्हणाले, "अरे चिऱ्याला काय बांधतोस, कातळालाच बांध ना." जनरेटर आणि हॅमर ड्रिल भाड्याने आणलं, वीतभर खोल भोकं पाडली, १२ एमएमची सळई वाकवून कड्या केल्या आणि सिमेंटात बसवल्या. लाल भुकटीने आम्ही दोघंही रंगून गेलो होतो. काकांनी मला कडा खालून पण दाखवला, वर जांभा टणक असतो पण त्याच्याखाली मऊ माती, ती लाटा आणि पावसाचं पाणी खात जातं आणि वरचा कातळ पुढे लोंबकळत राहतो, वर उभं राहिलेल्या माणसाला ते अजिबात दिसत नाही.

मागे आल्यावर बुकिंग कमी झालं हे खरं आहे. एका बुकिंगवाल्याने तर सांगितलं की फोटोपुरता एक तंबू टोकावर ठेवा. नाही ठेवला. त्याऐवजी कड्यापासून सुरक्षित अंतरावर चिऱ्याचा लांब कट्टा बांधला, सूर्य बुडताना सगळे तिथे बसतात, आई चहा आणि गरम घावन पाठवते, आणि अंधार पडला की कट्ट्याच्या पुढे कोणी जायचं नाही, हा नियम सगळ्यांना, आमच्या घरच्यांना पण.

मग २०२०. मार्चपासून लॉकडाऊन, तंबू पडवीत बांधून ठेवलेले, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. घराची कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या, संडासाचे पत्रे कुठे गेले ते कळलं पण नाही, वीज महिनाभर नव्हती. वारा पडल्यावर सड्यावर गेलो तर कड्या जशाच्या तशा. एकही हलली नव्हती. त्या दिवसांत मला धीर देणारी तेवढीच एक गोष्ट होती.

आज ११ तंबू आहेत, नोव्हेंबर ते मे चालू, पावसाळ्यात पूर्ण बंद. पाणी टँकरने आणून टाकीत भरतो, सड्यावर विहीर नाही. मोठे एलईडी काढून टाकलेत, एक म्हणजे तारे दिसत नव्हते, आणि खालच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, ती समुद्राऐवजी आमच्याकडे वळायला नकोत. शेकोटी फक्त लोखंडी घमेल्यात.

सध्या गवत कापायचं काम चालू आहे, कॅम्पभोवती मोकळा पट्टा ठेवतो म्हणजे वणवा लागलाच तर तंबूपर्यंत येणार नाही. ते झालं की काका प्रत्येक कडी पहारीने ओढून बघणार, आणि मगच तंबू वर न्यायचे.