खेळाडूंच्या कार्डांसाठी संमती घेताना

आमच्या कबड्डी मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने मंडळाकडून खेळलेल्या चोवीस खेळाडूंच्या कार्डांचा संच छापून विकावा आणि आलेल्या पैशांतून सरावासाठी मॅट घ्यावी, असे कार्यकारिणीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. लहानपणी बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे मी वहीच्या पानांत जपून ठेवत असे, त्यामुळे हे काम मी मनापासून अंगावर घेतले. एका छायाचित्रकाराकडून पैसे देऊन फोटो घेतले, नमुना छापून आणला आणि छापखान्याला होकार कळवणार, तेवढ्यात आमच्याच एका चढाईपटूचा फोन आला. "दादा, फोटो त्यांनी काढला, पण चेहरा माझा आहे ना? मला कोणी विचारलंच नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो दुखावला होता. छपाई मी त्याच दिवशी थांबवली.

मंडळाच्या परिचयातील एका वकील ताईंनी मला सर्वप्रथम हे समजावले की एका फोटोत दोन वेगवेगळे हक्क असतात. पहिला हक्क फोटोवरील कॉपीराइटचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो सामान्यतः छायाचित्रकाराचा असतो. मात्र कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर तो फोटो काढवून घेणाऱ्याचा ठरतो. म्हणजे मंडळाने पैसे देऊन काढवून घेतलेले स्पर्धेचे फोटो आमचे होते, पण छायाचित्रकाराने स्वतःहून काढलेले आणि आम्ही नंतर विकत घेतलेले फोटो त्याचेच होते. आमच्या हाती फक्त प्रती आल्या होत्या. हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतो आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, हेही मला तेव्हाच कळले.

दुसरा हक्क खेळाडूचा, आणि त्याची कहाणी बबलगमच्या कार्डांतूनच सुरू झालेली आहे. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंचे फोटो वापरण्यासाठी एका कंपनीने त्यांच्याशी करार केले होते आणि टॉप्स या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच खेळाडूंचे फोटो मिळवले. त्या वादात १९५३ साली न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी निकाल दिला की खासगीपणाच्या हक्काहून वेगळा असा, आपल्या फोटोच्या प्रसिद्धिमूल्यावरचा हक्क माणसाला असतो. आपल्याकडे यासाठी स्वतंत्र कायदा नाही, न्यायालयांच्या निकालांतून हा हक्क आकाराला आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या खासगीपणाच्या निकालातही, एका न्यायमूर्तींच्या स्वतंत्र निकालपत्रात, आपल्या ओळखीच्या व्यापारी वापरावर माणसाचे नियंत्रण असावे असा विचार आला आहे.

कार्यकारिणीतील एका सदस्याने सुचवले की फोटोंऐवजी रेखाचित्रे छापली तर कोणालाच विचारावे लागणार नाही. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. ऑनलाइन खेळात वापरल्या जाणाऱ्या डिजिटल क्रिकेट कार्डांवरून दोन कंपन्यांत झालेल्या वादात, मोहम्मद सिराज आणि अर्शदीप सिंग यांच्यासारखे खेळाडू वादी असतानाही, दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीला अंतरिम मनाई करण्यास नकार दिला. त्या कंपनीच्या कार्डांवर खेळाडूंची कलात्मक चित्रे होती, आणि नावे व खेळाची आकडेवारी ही सर्वांसमोर असलेली माहिती आहे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही मी ठाम विरोध केला. तो अंतरिम आदेश एका ऑनलाइन खेळापुरता होता, आणि ज्या मुलांच्या गुडघ्यांना आम्ही बर्फ लावला, त्यांना न विचारता त्यांचे चेहरे विकण्याची वाट शोधणे मला पटणारे नव्हते.

मग एका पानाचे संमतीपत्र साध्या मराठीत तयार केले. त्यात कोणता फोटो, किती संच, कोणत्या मुदतीपर्यंत आणि फक्त छापील कार्डासाठी, हे स्पष्ट लिहिले. प्रत्येकाला मानधन आणि दहा संच देण्याचे ठरले. नोकरीत असलेल्या दोघांनी आधी आपापल्या कार्यालयाची परवानगी आणली. तिघे अठरा वर्षांखालील होते. अज्ञान मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून त्यांच्या घरी जाऊन पालकांच्या सह्या घेतल्या आणि कार्डांवरून जन्मतारखा वगळल्या. व्यावसायिक संघाच्या जर्सीतील सर्व फोटो बाजूला काढले, कारण त्यांवरील बोधचिन्हे आमची नव्हती. फोन करणाऱ्या चढाईपटूने संमतीपत्र दोनदा वाचले, मुदतीची ओळ बोटाने दाखवून "तीन नको, दोन वर्षं करा" असे सांगितले आणि मी तसे केल्यावर सही केली.

शेवटचे कार्ड आमच्या दिवंगत कर्णधाराचे होते. मृत्यूनंतर हे हक्क वारसांकडे जात नाहीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणात म्हटलेले आहे, त्यामुळे त्या सहीची कायदेशीर गरज नव्हती. तरी मी कर्णधाराच्या पत्नीकडे गेलो. वहिनींनी आम्ही निवडलेला चषकासोबतचा फोटो बाजूला ठेवला, कपाटातून एक जुना फोटो काढला, ज्यात ते मातीच्या मैदानावर मध्यरेषेकडे हात लांबवून पडलेले आहेत, आणि म्हणाल्या, "हा छापा." तोच छापला आहे.