चार्जरच्या तापण्याचं मूळ सापडलं

पुण्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीतला इलेक्ट्रिक गाडीचा ७.२ किलोवॅटचा चार्जर आता पूर्ण ३२ अँपिअरवर न थांबता चालतोय. चार्जर मुळात निर्दोष होता. उष्णता तयार होत होती पार्किंगच्या डीबीत (वीज वाटणाऱ्या डब्यात), ४० अँपिअरच्या एमसीबीच्या, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचच्या, एका स्क्रूखाली.

गाडी लावली की तासाभराने एमसीबी पडायचा, म्हणजे आपोआप बंद व्हायचा. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) करंट ३२ च्या वर गेला नाही, म्हणजे ओव्हरलोड नाही. आरसीसीबी (करंट बाहेर गळला तर सप्लाय तोडणारा स्विच) पडला नाही, म्हणजे लीकेजही नाही. मे महिना आणि पश्चिमेची भिंत, त्यामुळे सगळ्यांनी खापर उन्हावर फोडलं.

सिंगल फेजमध्ये फेजच्या तारेतून जातो तेवढाच करंट न्यूट्रलच्या तारेतून परत येतो, म्हणून दोन्ही टर्मिनलं (वायर जोडायच्या जागा) साधारण सारखीच तापायला हवीत. इथे न्यूट्रल ५२ अंश आणि फेज ९४! ऊन एकाच टर्मिनलवर पडत नाही. (चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर फसतो, कमी आकडा दाखवतो. टर्मिनलला चिकटून वायरवर काळी टेप लावा आणि अगदी जवळून मोजा.)

मग आमच्या वायरमननी रबरी हातमोजे घालून, चालू लोडवर त्या जोडाच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज पाहिलं : ०.८ व्होल्ट. दिसायला किरकोळ, पण ३२ अँपिअरने गुणा, पंचवीसेक वॅट होतात. म्हणजे आपली सोल्डरिंगची इस्त्री बंद डब्यात रात्रभर चालू! ही धग एमसीबीच्या आतल्या बायमेटलला (तापली की वाकून स्विच पाडणारी पट्टी) लागते आणि करंट मर्यादेत असूनही तो पडतो.

शेजारच्या काकांनी ६३ चा एमसीबी टाकायला सुचवलं होतं. कृपा करून कोणीही हे करू नका. आमची केबल ६ चौरस मिलिमीटरची, तिला ६३ अँपिअर झेपणार नाहीत, आणि जळणारा जोड तसाच राहील. सामान येईपर्यंत गाडी १६ अँपिअरवर लावली. करंट निम्मा की उष्णता पाव.

सप्लाय बंद करून वायर काढली तर बारीक तारांची टोकं थिंबलशिवाय (तारांच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) थेट स्क्रूखाली दाबलेली, विस्कटून काळी पडलेली. लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापली. तपकीर गल्लीतून पिन थिंबल आणि नवा एमसीबी आणला, क्रिम्पिंग (थिंबल तारांवर दाबून घट्ट बसवणं) नीट केलं, आणि कंपनीच्या कागदावर दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, स्क्रू आवळले. हाताच्या अंदाजावर माझा आता विश्वास नाही.

नवं रीडिंग, बाहेर ३४ अंश असताना : फेज ४९, न्यूट्रल ४८.

पुढचं काम चार्जरच्या आतल्या टर्मिनलांचं, याच पद्धतीने. जे १५ अँपिअरच्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर वापरतात त्यांनी तासाभराने प्लगच्या पिना तपासाव्यात. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर आतल्या धातूच्या पट्ट्यांची पकड गेलेली असते. तो सॉकेट बदलाच.