प्लेगचा जंतू: एका यादीत पहिला, दुसरीत तिसरा

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जैविक धोक्यांची जी वर्गवारी केली, तिच्यात प्लेग सर्वांत वरच्या 'ए' गटात आहे, अँथ्रॅक्सच्या जोडीला. प्रयोगशाळांच्या सुरक्षेसाठी मात्र हाच जंतू चारपैकी तिसऱ्या गटात धरतात. यात विसंगती नाही. पहिली यादी पाहते, की आजार समाजात शिरला तर किती पसरेल, किती माणसं दगावतील, किती घबराट उडेल. दुसरी पाहते, की जंतू हाताळणाऱ्याला लागण झालीच तर औषध आहे का. प्लेगवर औषध आहे. कॉलऱ्याने आपल्याकडे गावंच्या गावं ओस पाडली, तरी तो पहिल्या यादीच्या 'बी' गटात, पाण्यातून येणाऱ्या धोक्यांत मोडतो.

यर्सिनिया पेस्टिस हे प्लेगच्या जंतूचं नाव. उंदरावरच्या पिसवेच्या जठराच्या तोंडाशी या जंतूंचा गोळा साचतो. रक्त आत जात नाही, पिसू उपाशी राहते, पुन्हा पुन्हा चावते आणि अडकलेलं रक्त जंतूंसकट चाव्यात उलटतं. माणसाच्या ३७ अंशांच्या शरीरात जंतू प्रथिनांचं कवच चढवतो आणि सुईसारख्या नळीतून पांढऱ्या पेशींत अशी प्रथिनं टोचतो, की त्यांची जंतू गिळण्याची ताकदच जाते. मग जांघेत, काखेत किंवा मानेत ती दुखरी गाठ येते.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेगची साथ ओळखली ती मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पिसवेचा दुवा फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला. म्हणजे पहिली दोन वर्षं खरा वाहक ठाऊक नसतानाच घरं धुतली गेली, माणसं हलवली गेली.

'उंदीर पडू लागले' की आजही पहिली चूक तीच होते: आधी उंदीर मारायचे. उंदीर थंड पडला की पिसवा नवं अंग शोधतात, आणि ते माणसाचं असतं. म्हणून आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर पिसूनाशक भुकटी, त्यानंतरच उंदीर. मेलेल्या उंदराला उघडा हात लावू नये.

दवाखान्यात गाठ चिरू नये. नमुना सुईने घ्यावा, रक्तही घ्यावं, पण अहवालासाठी औषध थांबवू नये. पेनिसिलिनवर विसंबणं घातक, ते इथे चालत नाही. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लोक्सासिन लागतं, साधारण १० ते १४ दिवस. गाठीच्या प्लेगमध्ये उपचारांविना निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. जंतू फुप्फुसात उतरला तर औषधाविना जवळपास कोणीच वाचत नाही, आणि लक्षणं दिसल्यापासून हाताशी २४ तासच असतात. अशा रुग्णाच्या खोकल्याचे थेंब दुसऱ्याला थेट लागण करतात, पिसवेची गरजच उरत नाही. 'ए' गटाचं मोठं कारण हेच. अशा रुग्णाजवळ, २ मीटरच्या आत, मास्कशिवाय वावरलेल्यांना डॉक्टर ७ दिवस डॉक्सिसायक्लिन देतात, अंगात ताप नसला तरी.