सौंदत्ती ते कणकुंबी: चार पॉइंट हवेची गोष्ट

दिवाळी उलटल्यावर दोन दिवस मोकळे मिळाले. शनिवारी बेळगावहून सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन आणि रविवारी कणकुंबी, असा बेत ठरला. दोन्ही दिवस डबलसीट. पहिल्या दिवशी काळ्या मातीचा तापलेला माळ, दुसऱ्या दिवशी जांबोटीचं धुकं. टायरच्या हवेत माझी चूक नेमकी या दोन्हींच्या मधे झाली.

गाडी दीडशे सीसीची, ट्यूबलेस. चेनकव्हरच्या स्टिकरवर टायरमधल्या हवेचा दाब पॉइंटमध्ये (म्हणजे पीएसआयमध्ये) लिहिलाय: पुढं २५, मागं एकट्याला २८, डबलसीटला ३२. शनिवारी पहाटे गाडी बाहेर काढायच्या आधीच मागं ३२ करून घेतली होती. जाताना काही तक्रार नाही. येताना यरगट्टीच्या बाजूला भर उन्हात पंपावर थांबलो आणि सहज हवा बघायला सांगितली. काटा ३६ वर! मला वाटलं, सकाळी जास्त मारली गेली. पोरगा म्हणाला, "बिसी ऐतरी." टायर गरम आहे, एवढं कानडी मला कळतं. तरी चार पॉइंट सोडायला लावले. शहाणपणा, दुसरं काय!

रविवारी पहाटे हवा बघितलीच नाही. काल तर बघितली होती की. पिरनवाडी सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलो आणि वळणावर गाडीचा मागचा भाग जरा उशिरा आल्यासारखा वाटायला लागला. खड्ड्यातून जाताना रिमला 'टक्' असा आवाज. मागून सौ. म्हणाली, "अहो, गाडी डोलायलीय." थांबून खिशातला गेज (हवा मोजायचा काटा) लावला, तर ३० सुद्धा नाही. रात्रभर टायर गार झाला, तेव्हा असायला हवे होते ३२. थोडं अंतर चालून टायर कोमट झाला होता, म्हणजे घरातून निघताना २८ च्याच आसपास असणार. पायपंप सोबत होता म्हणून निभावलं.

हिशेब साधा आहे. दहा अंश तापमान वाढलं की दुचाकीच्या टायरात साधारण दीड पॉइंट वाढतात. स्टिकरवरचे आकडे गार टायरचे असतात, त्यात ही वाढ आधीच धरलेली असते. म्हणून गरम टायरमधली हवा कधी सोडायची नाही. कमी हवेत टायरची बाजू जास्त दुमडते, त्यानं तो आणखी तापतो, कडा झिजतात, रिम वाकते. ट्यूबवाला टायर असेल तर तो रिमवर सरकून व्हॉल्व्हच उपटतो. हवा जास्त झाली तर मधला पट्टा झिजतो आणि गाडी उड्या मारते.

खड्ड्यांचा रस्ता म्हणून हवा कमी करा, पावसात कमी करा, असं सांगणारे भेटतील. डांबरी रस्त्यावर ऐकू नका. कमी हवेत टायरच्या खाचा मिटतात आणि पाणी बाहेर पडत नाही. नायट्रोजनवर पैसे घालायचे तर घाला, पण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

चोर्ला घाटातून खाली गोव्यातल्या साखळीला उतरणार असाल तर गंमत बघा. बेळगाव साडेसातशे मीटरवर. तिथं भरलेली हवा समुद्रसपाटीला गेजवर एखादा पॉइंट कमी दिसते. मात्र खाली गरमी जास्त, त्यात ते भरून निघतं. काही करू नका.

आम्ही कणकुंबीच्या माउलीच्या देवळात, मलप्रभेच्या उगमापाशी तासभर बसलो. येताना गाडी सरळ चालली.

गेज स्वतःचा घ्या. दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात. काही ठिकाणी आकडा किलोत असतो: २ किलो म्हणजे २८ पॉइंट, सव्वादोन म्हणजे ३२. पूर्वेकडं निघालात तर आकडे कानडीत पाठ करा: पंचवीस इप्पत्तैदु, अठ्ठावीस इप्पत्तेंटु, बत्तीस मूवत्तेरडु. आणि पोरगा "बिसी ऐतरी" म्हणाला तर गुपचूप टोपण लावून पुढं निघा.