मुलाखतीत आडनाव का विचारत नाही?

आमच्या एजन्सीत मुलाखतीला येऊन गेलेला जवळजवळ प्रत्येक जण नंतर हे विचारतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही नऊ जण. आरोग्य, पाणी, शिक्षण असल्या कामांतल्या संस्थांची पोस्टरं, पुस्तिका, व्हिडिओ करतो. आडनाव पगाराच्या कागदांवर लागतं, तेव्हा ते कळतंच. मुलाखतीत काम बघायचं, एवढंच ठरवलंय.

आता खरं सांगू? आडनाव न विचारूनही फारसं काही साधत नाही. "गाव कुठलं?", "गावात घर कुठल्या बाजूला?", "पाव्हणे कुठले?" चहा निवायच्या आत सगळा पत्ता लागतो. आमचा एक डिझायनर सहा महिने जेवायच्या वेळी "बाहेर काम आहे" म्हणून निघून जायचा. पुढे कळलं, एका गुरुवारी डबे उघडताना कुणीतरी त्याच्याकडेच बघून म्हणालं होतं, "आज मटण-बिटण नाही ना रे?" तो कुणीतरी म्हणजे मी. हसत म्हणालो होतो, त्यामुळे माझ्या लक्षातही नव्हतं.

याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची पोरं तिथं एका पंगतीला जेवायची. आणि शंभर वर्षांनी आमच्या नऊ जणांत ही तऱ्हा! मी त्याची माफी मागितली. तो "असू द्या हो" म्हणाला, पण जेवायला बसायला लागला तो आणखी महिन्याभरानं. त्याच्या आईच्या खर्ड्यानं आता सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं.

माण तालुक्यातली एक मुलगी मीटिंगमध्ये तोंडच उघडायची नाही. बोलली की कुणीतरी तिचं मराठी 'सुधारायचं'. एकदा 'मासिक पाळी स्वच्छता व्यवस्थापन' हा मथळा वाचून ती फिस्सकन हसली. "आमच्या आईला वाटंल, हे कुठलं तरी सरकारी खातं हाय." पोस्टरवर शेवटी गेलं ते तिचं वाक्य: 'पाळीचं कापड उन्हातच वाळवा.'

जिन्याचं मात्र अजून जमलेलं नाही. लिफ्ट नाही. कुबड्या घेऊन चालणाऱ्या एका मुलानं फोनवर पायऱ्या किती ते विचारलं. मी मोजून छत्तीस सांगितल्या. "मग राहू द्या," म्हणाला. तेव्हापासून तळमजल्यावरचा गाळा शोधतोय. काल एका मालकाला फोन केला. भाडं सांगायच्या आधी त्यानं विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"