मुंबई–पुणे–महाबळेश्वर : 8.8 कॉम्प्रेशनच्या एमजीबीला पेट्रोल कुठलं घालायचं?

मार्ग नेहमीचाच: मुंबई, जुन्या हायवेने खोपोली, बोरघाट, पुणे, खंबाटकी, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. जायचे साधारण पावणेतीनशे किलोमीटर. गाडी 1960च्या दशकातली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1798 सीसी, एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर. महिना एप्रिलचा. घाट आणि ऊन दोन्ही एकत्र असले की पेट्रोलची खरी परीक्षा होते, सपाट रस्त्यावर सगळंच चालून जातं.

निघण्याआधी ब्लॉकवर रिव्हेट केलेली पट्टी वाचा. इंजिन नंबरात '18जीबी–यू–एच' असेल तर एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, 8.8, म्हणजे पिस्टन मिश्रण 8.8 पट दाबतो. एल असेल तर 8.0, आणि मग पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. पट्टीवर मात्र आंधळा भरवसा नको. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन सरकतो तेवढी जागा) साडेचारशे सीसी. 8.8 साठी वर उरणारी जागा 57.6 सीसी. हेड (सिलिंडरवरचं झाकण) दोनदा प्लेन करून, म्हणजे घासून, ती 53 वर आली की कॉम्प्रेशन थेट साडेनऊच्या जवळ जातं. जुन्या गाड्यांच्या हेडवर प्लेनिंग सर्रास झालेलं असतं आणि त्याची नोंद कुठेच नसते. हेड उघडलंच असेल तर ब्युरेटने चेंबर मोजून घ्या, गॅस्केटची जाडी आणि पिस्टनवरचा खड्डा धरून हिशोब करा.

हे इंजिन ब्रिटनमधल्या फोर-स्टार पेट्रोलवर, म्हणजे 97 आरओएनवर चालायचं. (आरओएन हे ऑक्टेनचं मोजमाप; आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायला नाखूष.) आपल्याकडचं सध्याचं साधं ई-20 पेट्रोल (20 टक्के इथेनॉलचं) किमान 95 आरओएनचं, आणि मोठ्या शहरांत निवडक पंपांवर 100 मिळतं. (अमेरिकेतल्या मंडळींनी गोंधळ करू नये. तिथल्या पंपावरचा 91 हा आरओएन आणि एमओएन (जास्त कडक चाचणीतला ऑक्टेन) यांची सरासरी असतो, आपल्या मोजमापात तो 95–96च्या घरात जातो.)

खोपोलीपर्यंत टाकीत ई-20 होतं आणि टायमिंग (पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर स्पार्क पडतो ते) पुस्तकाप्रमाणे: व्हॅक्यूमची नळी काढून, 600 आरपीएमला स्ट्रोब लाइटने 14 अंश. सपाटीवर तक्रार नाही. शिंग्रोबाच्या चढाला ट्रकमागे चौथ्या गिअरमध्ये, 2000च्या आसपास आरपीएम असताना पाय दाबला की डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. हेच नॉकिंग. त्यात इंजिन हळू फिरत असतं, थ्रॉटल पूर्ण उघडा असतो आणि मिश्रणाला स्पार्कच्या ज्वालेआधी आपणहून पेटायला भरपूर वेळ मिळतो. पहिला उपाय पेट्रोलचा नाही, गिअरचा. तिसरा टाका, 2500च्या वर ठेवा, निम्मा आवाज तिथेच जातो.

उरलेल्या निम्म्यासाठी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणारा भाग. लुकास 25डी4 ला व्हॅक्यूमच्या डबीजवळ बोटाने फिरवायचा दातेरी नट असतो, बाजूला ए (स्पार्क पुढे) आणि आर (मागे) ही अक्षरं. अकरा टिक म्हणजे एक अंश. आरकडे 22 टिक, म्हणजे दोन अंश मागे, एवढ्याने बोरघाट शांत पार होतो. पाच-सहा अंश मागे नेऊ नका. पिकअप मरतो, एक्झॉस्ट तापतो, आणि मग रेडिएटर वर येतो.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळ (लीन), म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, होतं हे विसरलं जातं. साध्या पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, ई-20 ला साडेतेरा. जेट तेच ठेवलं तर इंजिन सात-आठ टक्के लीन चालतं, आणि लीन इंजिन जास्त तापून जास्त नॉक मारतं. म्हणजे ऑक्टेन पुरेसा असूनही आवाज येऊ शकतो. एसयूचा जेट नट खाली, एक ते दोन बाजू (नटाला सहा बाजू असतात), दोन्ही कार्बोरेटरला सारखं. जुनी रबरी नळी आधीच बदललेली हवी. ई-20 मध्ये ती आतून सुटते आणि तिचा काळा चुरा फ्लोट चेंबरच्या नीडलखाली जाऊन बसतो, मग कार्बोरेटर ओव्हरफ्लो.

पुण्यात टाकीत 12 लिटर ई-20 शिल्लक, त्यात 30 लिटर 100 ऑक्टेन. मिश्रणाचा ऑक्टेन साध्या सरासरीने धरा: साडेअठ्ठ्याण्णवच्या जरा वर. एवढा पुरेसा आहे, टाकी रिकामी करून निव्वळ 100 भरण्यात पैसे वाया. टायमिंग परत 14 वर आणा. ते न करता महाग पेट्रोल भरलं तर हाताला काहीच लागत नाही. ऑक्टेन ताकद देत नाही, टायमिंग पुढे नेण्याची मुभा देतो.

इथेनॉल आहे की नाही हे पंपावरच्या पाटीवरून ठरवू नका. 100 मिलीचा मापाचा नळकांडा घ्या, 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल, बूच लावून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खालचा थर दहावरच थांबला तर इथेनॉल नाही. पंचविशीच्या आसपास गेला तर ई-20. तपासलेलं पेट्रोल टाकीत परत ओतू नका.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरवर 'पाच पॉइंट' लिहिलेलं असतं, तो बहुतेक वेळा अर्धा आरओएन असतो.

खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये निघून जातो, थांबायची गरज नाही. वाईपासून पसरणीचा घाट साडेपाचशे मीटरहून जास्त चढतो. घाटमाथ्यावर थांबायचंच असेल तर इंजिन गरम असतानाच एक प्लग काढून बघा. पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक अॅल्युमिनियमचे कण दिसले, तर कानाला ऐकू न आलेलं नॉकिंग झालंय, आणखी दोन अंश मागे घ्या. प्लग बीपी6ईएस, गॅप 0.64 मिमी.

पाचगणीत गाडी एकदम गुणी वागते. त्यात पेट्रोलची करामत नाही. तेराशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी, सिलिंडरमध्ये हवाच कमी भरते, नॉक कुठून मारणार? इथे खुशीत येऊन टायमिंग पुढे नेलं की परतीला वाई उतरल्यावर पहिल्याच उन्हाच्या चढावर खडे वाजतात. मिश्रणही वर थोडं रिच (इंधन जास्त) होतं, प्लग काळपट दिसतात. जेटला हात लावू नका.

किल्ली काढल्यावरही इंजिन धडधडत राहिलं तर चौथा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा. नंतर आयडल आणि कार्बन बघा.

पूर्ण टाकी, म्हणजे 54 लिटर, घाटात लिटरला नऊ धरले तरी पुणे–महाबळेश्वर–पुणे सहज पुरते, त्यामुळे 100 ऑक्टेन पुण्यातच भरून घ्या, पुढे मिळेल या भरवशावर निघू नका. परत आल्यावर व्हॉल्व्ह क्लिअरन्स मोजा, थंड इंजिनला 0.38 मिमी. दर फेरीला ते घटत असेल तर व्हॉल्व्हचे सीट झिजून आत बसतायत, शिसं त्यांना जपायचं. 2000 साली देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हापासूनचं हे दुखणं आहे, ऑक्टेन वाढवून ते जात नाही, कडक सीट बसवावे लागतात. आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर ई-20 टाकीत ठेवू नका. ते हवेतली ओल ओढतं, पाणी तळाशी साचतं आणि टाकी आतून गंजते.