बूट डिस्क मशीनबाहेर नेताना

आमच्या बँकेत आयबीएमचं एस८२४ हे सर्व्हर मशीन आलं तेव्हा मी बसल्या बसल्या कागदावर हिशेब मांडला. डिस्कच्या जागा 12, पार्टिशन (एलपार, म्हणजे एकाच मशीनचे स्वतंत्र सर्व्हरसारखे चालणारे भाग) 9, शिवाय दोन व्हीआयओएस, म्हणजे बाकीच्यांना डिस्क आणि नेटवर्क पुरवणारी खास पार्टिशन. प्रत्येकाला सुरू व्हायला लागणारी बूट डिस्क आणि तिची हुबेहूब प्रत (मिरर), अशा दोन-दोन डिस्क म्हणजे 22. जागा पुरणार नव्हती हे दिसतच होतं. पण मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनी कागद पाहून म्हटलं, "साहेब, डिस्क नका मोजू, कंट्रोलर मोजा." एलपारला सुटी डिस्क देता येत नाही, त्या डिस्क चालवणारा अख्खा कंट्रोलर द्यावा लागतो. डिस्क ज्याला जोडतात तो बॅकप्लेन 6-6 असा विभागला तरी वाटेकरी दोनच.

ते दोन वाटे व्हीआयओएसना दिले. बाकीच्यांना सॅनपर्यंत (बाहेरच्या सामाईक डिस्कांच्या नेटवर्कपर्यंत) नेणाऱ्या व्हीआयओएसनीच सॅनवरून बूट व्हायचं, म्हणजे किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यासारखं. उरलेली नऊ पार्टिशन बाहेरच्या डिस्कवर. चालू पार्टिशन दुसऱ्या मशीनवर हलवायचं असेल, म्हणजे एलपीएम करायचं असेल, तर त्याची एकही डिस्क आतली चालत नाही, म्हणून हा प्रश्न एरवीही निकालात निघालाच असता.

मग बाहेरची म्हणजे कुठली? आमच्याकडे एक जुना अ‍ॅरे होता, म्हणजे डिस्कांचं कपाट, डेटासाठी उत्तम. त्यावर 80 जीबीचा लन (त्यातून कापून दिलेली डिस्क) घेऊन एआयएक्स ही आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला गेलो, तर एकाच लनच्या चार डिस्क दिसल्या. नाव होतं 'अदर एफसी स्कझी डिस्क ड्राइव्ह'. त्या अ‍ॅरेची ओळख एआयएक्सला पटवून देणारी ओडीएम फाइलसेट इन्स्टॉलेशनच्या माध्यमात नसते, त्यामुळे लनपर्यंत जाणाऱ्या चार वाटा म्हणजे चार डिस्क असं एआयएक्स धरून चालतं. झोनिंगमध्ये, म्हणजे सॅन स्विचवर कोण कोणाला दिसेल ते ठरवताना, एकच वाट ठेवली, इन्स्टॉल केलं, फाइलसेट टाकली, मग बाकीच्या वाटा उघडल्या. जमलं. पण दर नव्या पार्टिशनला स्टोरेजवाल्याला हाताशी धरून ही कसरत कोण करणार? रात्री दोनला तर नाहीच. बूटचे लन स्टोअरवाइज या आयबीएमच्याच स्टोरेजवर घेतले, कारण तो एआयएक्सला मुळातूनच ओळखता येतो. डेटा जुन्या अ‍ॅरेवरच राहू दिला, दोघांना व्हर्च्युअल एफसी अडॅप्टर (सॅनला जोडणारी आभासी फायबर चॅनल कार्डं) मात्र वेगवेगळे दिले.

खरी दमछाक झाली ती एनपीआयव्हीत, म्हणजे एकाच खऱ्या एफसी पोर्टवरून अनेक पार्टिशनांना आपापले व्हर्च्युअल पोर्ट देण्यात. स्टोरेजवाला फोनवर, "तुमचा पोर्ट स्विचवर दिसतच नाही हो." दिसणार कसा? पार्टिशन बंद असताना तो फॅब्रिकमध्ये (सॅन स्विचच्या जाळ्यात) लॉगिनच करत नाही. एचएमसीवर (मशीन सांभाळणाऱ्या कन्सोलवर) सीएचएनपोर्टलॉगिन ही कमांड चालवली की पार्टिशन न उठवताही पोर्ट लॉगिन होतात, हे मला तीन दिवस पार्टिशनच्या एसएमएस या स्टार्टअप मेनूत फुकट घालवल्यावर कळलं.

आणि प्रत्येक व्हर्च्युअल अडॅप्टरला डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे सॅनवरचे ओळख नंबर, दोन असतात. दुसरा कधी दिसत नाही म्हणून मी तो झोनमध्ये घातलाच नाही. पुढे एलपीएमचं व्हॅलिडेशन (हलवण्याआधीची तपासणी) फसलं तेव्हा उलगडा झाला: हलवताना पलीकडच्या मशीनवर लॉगिन होतो तो हाच दुसरा नंबर. मग नऊच्या नऊ पार्टिशनचं झोनिंग पुन्हा केलं, लनही दोन्ही नंबरांना दाखवले.

एक गोष्ट अजून खटकते. सॅन गेल्यामुळेच पार्टिशन कोसळलं, तर क्रॅश डंप (कोसळतानाच्या मेमरीची नोंद) लिहायला जागाच उरत नाही, कारण डंप डिव्हाइसही त्याच लनवर. हे साहेबांना आधीच लेखी कळवलं आणि त्यांची सही घेतली.